पुठ्ठ्याचा गरुड: 'संत तुकाराम'मधल्या विमानाची प्रतिकृती करताना

(वर्धा इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे, पुनरुक्ती तेवढी काढली आहे. व्याख्यानाच्या वेळी प्रतिकृती टेबलावर ठेवलेली होती.)

मागे बसलेल्यांना टेबलावरचं नीट दिसत नसेल. नंतर जवळ येऊन बघा, हात लावला तरी चालेल. फक्त पंखाच्या टोकाला धरून उचलू नका. ते टोक या पावसाळ्यात दोनदा चिकटवलंय. (हशा)

तर हा गरुड. 'प्रभात'चा 'संत तुकाराम' आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलाय. १९३६ साली आला. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल, पटकथा शिवराम वाशीकरांची, तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस, आवलीच्या भूमिकेत गौरी. मुंबईत ५७ आठवडे चालला, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, हे आपल्याला पाठ असतं. त्याच्या शेवटी तुकोबा वैकुंठाला जातात, आणि त्यांना न्यायला गरुडाच्या आकाराचं विमान येतं. ते विमान आम्ही पुठ्ठ्यात केलं. 'आम्ही' म्हणजे मी आणि माझ्याकडे सुटीत चित्रकला शिकायला येणारी चार पोरं. एका फुटाला एक इंच हे प्रमाण, म्हणजे एकास बारा.

मला 'प्रतिकृती कशी करावी' यावर बोलायला बोलावलेलं नाही. समीक्षेवर बोलायचंय. मी तेच करणार आहे. माझं म्हणणं एवढंच, की वस्तू करून बघणं ही समीक्षाच आहे. नुसतं पाहताना आपण 'वा, काय दृश्य आहे' म्हणून पुढे जातो. कटर हातात घेतला की तसं जमत नाही. पंख धडाला कुठं जोडलाय? माणूस बसलाय त्याच्या खाली काय आहे? मान किती जाड? या प्रश्नांना उत्तर द्यावंच लागतं, कारण पुठ्ठा एक तर इथं कापायचा असतो नाही तर तिथं. आणि उत्तर देताना कळतं, की आपण सिनेमा किती कमी पाहिला होता.

पहिलं काम मोजमापाचं. आमच्याजवळ नकाशा नव्हता, होती ती थांबवलेली चित्रं. मग पट्टी कोणती लावायची? माणसाची. पागनीसांची उंची साडेपाच फूट धरली, म्हणजे आपल्या प्रमाणात साडेपाच इंच, आणि पक्षी माणसाच्या किती पट हे मोजायला घेतलं. तीन पोरांना वेगवेगळं बसवलं. तिघांचे तीन आकडे आले. भांडणं झाली. मग लक्षात आलं, की तिघांनी वेगवेगळ्या चौकटी घेतल्या होत्या. पंख कॅमेऱ्याकडे येत असला तर लांब दिसतो, दूर जात असला तर आखूड. शिवाय पंख माणसाच्या पुढं असेल तर माणसाची पट्टी त्याला लागूच पडत नाही. चूक तिघांचीही नव्हती. सपाट चित्रावरून घनवस्तू मोजायची तर हे होणारच.

त्या काळच्या 'ट्रिकसीन'मध्ये आणखी एक गोष्ट असायची. माणूस बसेल एवढी मोठी वस्तू एक, आणि लांबून आकाशात जाताना दाखवायची लहान वस्तू दुसरी. पडद्यावर दोन्ही मिळून एकच होतात. म्हणजे प्रतिकृती करणाऱ्यानं आधी ठरवायला पाहिजे, की मी कशाची प्रतिकृती करतोय? स्टुडिओत उभ्या असलेल्या लाकूड-कापडाच्या वस्तूची, की प्रेक्षकाच्या मनात तयार झालेल्या वस्तूची? या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आम्ही दुसरी केली. पण हे आम्हाला काम अर्धं झाल्यावर कळलं. आमच्या प्रतिकृतीतला पहिला दोष हाच. धड एका विचारानं केलंय, पंख दुसऱ्या. बारकाईनं पाहिलंत तर डावा पंख जरा जास्त 'खरा' आहे.

आता पुठ्ठ्याबद्दल थोडं. पुठ्ठा एका दिशेनं वाकतो, दोन दिशांनी एकदम वाकत नाही. नळी होते, शंकू होतो, पण वाटी होत नाही. वाटी करायला गेलं की चुण्या पडतात. पक्ष्याची छाती मात्र वाटीसारखी असते. मग काय करायचं? आकाशकंदील करतो तसं करायचं: खरबुजाच्या फोडींसारखे तुकडे कापून कडा जोडायच्या. छातीला आम्ही अशा अकरा फोडी केल्या. आतली फासळी बाइंडिंगवाले वापरतात त्या करड्या पुठ्ठ्याची, त्यात एकमेकींत बसणाऱ्या खाचा. वरचं कातडं पातळ कार्डशीटचं.

दुसरी गोष्ट, कागदाला अंग असतं. त्याचे तंतू ज्या दिशेनं असतात त्या दिशेनं घडी सरळ पडते, आडवी घातली तर फाटल्यासारखी तुटते. कागद हातात घेऊन दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघितला की कळतं. पिसं कापताना पोरांनी जागा वाचवायला आडवी-उभी कशीही कापली. गोंद लावल्यावर निम्मी पिसं एका बाजूला वळली, निम्मी दुसऱ्या. गोंदातल्या पाण्यानं कागद फुगतो, आणि तो तंतूंच्या आडव्या दिशेनं जास्त फुगतो, म्हणून असं होतं. एक पोट्टा म्हणाला, "सर, कोंबडी भिजल्यासारखी दिसून रायली." (हशा) सगळी पिसं पुन्हा कापली. हे मेच्या उन्हात केलं. वर्ध्याचा मे तुम्हाला सांगायला नको. गोंद बोटावरच सुकायचा. जुलै लागला, हवेत ओल आली, आणि ताठ पंख बोटभर खाली आले.

हे मी का सांगतोय? कारण पंख खाली आले त्या दिवशी मला पहिल्यांदा प्रभातच्या सुतारांची आठवण झाली. तोपर्यंत मी फक्त दिग्दर्शकांचा विचार करत होतो.

इथं थोडं गणित आहे, सोपं आहे. एखादी वस्तू बारापट मोठी केली, तर तिच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ १२ गुणिले १२, म्हणजे १४४ पट होतं. वजन मात्र १२ गुणिले १२ गुणिले १२, म्हणजे १७२८ पट होतं. सामान तेच ठेवलं तर त्याच्यावरचा ताण बारापट वाढतो. म्हणून आपला पुठ्ठ्याचा पंख सहज हवेत राहतो, आणि तोच आकार मोठा केला की मोडून पडतो. मोठ्या वस्तूला आतून वेगळा सांगाडा लागतो. आणि त्यावर जिवंत माणूस बसवायचा, तो हात जोडून शांत चेहऱ्यानं बसला पाहिजे, खालून कुरकुर आली तर त्याच्या चेहऱ्यावर दिसेल. आपली प्रतिकृती त्या कामाला सोपं करून दाखवते. लहान केलेली प्रत्येक वस्तू थोडी खोटी खुशामत करते. 'बघा किती नीटस' असं आपण म्हणतो, आणि मूळ वस्तूत जे झगडणं होतं ते नाहीसं होतं. हा दुसरा दोष, आणि हा आमचा एकट्यांचा नाही, प्रतिकृती या प्रकाराचाच आहे.

दामले-फत्तेलाल कुठून आले ते बघा. कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ही माणसं तयार झाली. बाबूराव नाटकांचे पडदे रंगवायचे आणि त्यांनी स्वतः कॅमेरा तयार केला होता. त्या शाळेत 'कलावंत' आणि 'कारागीर' अशा दोन रांगा नव्हत्या. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात सुरू झाली, १९३३ला पुण्याला गेली. साहेबमामा फत्तेलाल हे मुळात कलादिग्दर्शक, आणि दामलेमामांनी ध्वनिमुद्रणाचं तंत्र हाताळलं. अशा हातांनी केलेला गरुड कसा असेल? तो निसर्गातला पक्षी नाही. तो कॅलेंडरातला, देव्हाऱ्यावरच्या तसबिरीतला, नाटकाच्या पडद्यावरचा गरुड आहे. रविवर्म्याच्या छापखान्यातून निघालेली चित्रं तोवर घरोघरी लागली होती. गरुड कसा दिसतो हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक होतं. त्यांनी नवा पक्षी शोधला नाही, लोकांच्या ओळखीचा पक्षी बांधला.

काही समीक्षक याला भाबडेपणा म्हणतात. बाकीचा सिनेमा इतका साधा, मातीचा; घर, म्हैस, जातं, सगळं खरं; आणि शेवटी हे नाटकी विमान. मीही तरुणपणी असंच म्हणायचो, आणि ठसक्यात म्हणायचो. आता म्हणत नाही. का ते सांगतो.

आपल्या जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा आहे. इथं निम्म्या लोकांनी बघितला असेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी बैल घेऊन निघतात. बैलाला चाकं असतात. कोणाचा बैल वीतभर, कोणाचा माणसापेक्षा उंच. त्याला झूल असते, शिंगांना बेगड असते. लेकरू दारात येतं आणि बोजारा मागतं. आता मला सांगा, ज्याच्या घरी खरे बैल आहेत असा शेतकरी त्या चाकाच्या बैलाकडे बघून म्हणतो का, 'हा खोटा आहे, बैलाला कुठं चाकं असतात'? नाही म्हणत. तो पैसे देतो, हळदकुंकू लावतो. तो बैल लाकडाचा आहे हे त्याला ठाऊक आहे, लेकरालाही ठाऊक आहे. तरी त्यांच्यात जे घडतं ते खरं आहे. चाकं दिसू देणं हा त्या वस्तूचा प्रामाणिकपणा आहे.

प्रभातच्या गरुडाला अशीच चाकं आहेत, असं मी म्हणतो. तो 'मी खरा पक्षी आहे' असं म्हणत नाही. 'तुमच्या तसबिरीतला मी, आज हललो' एवढंच म्हणतो.

याच्या उलट उदाहरण घ्या. 'वैमानिक शास्त्र' नावाचा ग्रंथ आहे. प्राचीन विमानविद्या म्हणून तो दाखवला जातो. त्यात 'शकुन विमान' आहे, तेही पक्ष्याचंच, आणि त्याची आराखड्यासारखी चित्रं आहेत. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी तो ग्रंथ तपासला. त्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता: ग्रंथ विसाव्या शतकातला, आणि त्यातलं कुठलंही विमान उडू शकणार नाही. त्या शकुन विमानाच्याही प्रतिकृती लोक करतात, चांगल्या करतात. पण बाजूला 'प्राचीन भारतीय विमान' अशी पाटी लावतात. माझी तक्रार त्या पाटीशी आहे. पुठ्ठा तोच, गोंद तोच, मेहनत तीच, पण पाटी खोटी असेल तर कारागिराचा हात खोट्या कामाला लागला. म्हणून आमच्या प्रतिकृतीखाली काय लिहिलंय ते वाचा: 'संत तुकाराम, प्रभात फिल्म कंपनी, १९३६, या चित्रपटातील विमान'. एवढंच. तुकोबांचं विमान असं आम्ही लिहिलेलं नाही.

ही पाटी लिहिताना दोन्ही बाजूंनी बोलणी खाल्ली. एक गृहस्थ म्हणाले, गांधी-विनोबांच्या जिल्ह्यात तुम्ही लेकरांना चमत्कार शिकवता? दुसरे म्हणाले, 'चित्रपटातील' लिहून तुम्ही वैकुंठगमन नाकारता? तुकोबांच्या शेवटाबद्दल आपल्याकडे खरा वाद आहे. ते सदेह वैकुंठाला गेले ही वारकऱ्यांची श्रद्धा. त्यांचा घात झाला असं मांडणारे अभ्यासकही आहेत, आ. ह. साळुंख्यांचं 'विद्रोही तुकाराम' अनेकांनी वाचलं असेल. तो वाद महत्त्वाचा आहे आणि पुठ्ठ्यानं सुटणारा नाही. पण दोन्ही गृहस्थ एकच चूक करत होते. दोघंही त्या दृश्याकडे बातमी म्हणून बघत होते: घडलं की नाही घडलं. दृश्यात काय आहे, ते कोणीच बघत नव्हतं.

काय आहे दृश्यात? आवली आहे.

हा आमचा तिसरा दोष, आणि सगळ्यात मोठा. तो मी आता कबूल करतो. पाच महिने आम्ही विमान केलं आणि जमीन केलीच नाही. या सिनेमाचं सगळं वजन जमिनीवर आहे. आवली म्हशीची, चुलीची, पोरांची काळजी करणारी. पोरगं आजारी पडल्यावर पायतण हातात घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात जाणारी. तुकोबा तिला सोबत ये म्हणतात, आणि ती संसार सोडून निघत नाही. विमान वर जातं तेव्हा ती खाली आहे. विमान इतकं भव्य, इतकं नाटकी का केलंय, याचं उत्तर मला तिथं मिळालं. ते जेवढं मोठं, तेवढं तिचं मागे राहणं मोठं. विमान साधं असतं, नुसता प्रकाश असता, तर आपण सगळे तुकोबांबरोबर वर गेलो असतो. ते विमान असं बांधीव, जड आहे म्हणून आपल्याला खालून बघावं लागतं. आपण आवलीच्या शेजारी उभे राहतो.

आणि आम्ही काय केलं? प्रतिकृती टेबलावर ठेवली. आता तुम्ही तिच्याकडे वरून बघताय. जे दृश्य मान वर करून बघायचं, ते आम्ही मान खाली घालून बघायला लावलं. प्रत्येक पीस बरोबर आहे, आणि नजरच चुकली. अचूकपणा म्हणजे काय, यावर मला याच्यापेक्षा मोठा धडा मिळालेला नाही. पुढच्या वेळी ही छताला टांगायची, आणि खाली त्याच प्रमाणात पाच इंचांची आवली उभी करायची. तिचं पुठ्ठ्याचं घर करायचं. ते विमानापेक्षा अवघड जाईल, कारण घराला लोक पटकन हसतात.

एक वेगळी प्रतिकृती सांगतो, शब्दांची. या सिनेमात बीज आणि वृक्ष यांच्यावर एक गीत आहे. ते शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलं. ते इतकं तुकोबांच्या वळणाचं झालं की जाणकार गाथेत शोधत बसले. म्हणजे गरुडाला चाकं ठेवली, अभंगाला ठेवली नाहीत. कुठलं काम अधिक चांगलं? पूर्वी मी 'अभंग' म्हणालो असतो. आता वाटतं, गाथा ही लोकांची ठेव आहे, तिच्यात मिसळून जाईल असं काही करणं हे कौशल्याचं काम आहे आणि धोक्याचंही. आठवल्यांनी आपलं नाव लपवलं नव्हतं हे बरं. पाटी होती. लोकांनी वाचली नाही.

शेवटची गोष्ट रंगाची. सिनेमा काळा-पांढरा. आम्ही गरुड करड्या छटांत रंगवला, पडद्यावर दिसतो तसा. मला त्याचा अभिमान होता. प्रदर्शनात एक म्हाताऱ्या बाई आल्या, बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "काऊन गा बाप्पा, गरुड राखेचा काऊन केला? तो तं सोन्याचा होता." त्यांनी लहानपणी जत्रेत तंबूत हा सिनेमा पाहिला होता. मी सांगायला गेलो, आजी, सिनेमात रंग नव्हताच. त्या म्हणाल्या, "मी पायला ना." मी गप्प बसलो.

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या मनातली वस्तू सोनेरी आहे. आणि मघाशी मी म्हणालो, आम्ही प्रेक्षकाच्या मनातली वस्तू केली. मग कोणत्या प्रेक्षकाच्या? माझ्या, जो हा सिनेमा संगणकावर थांबवून थांबवून बघतो? की त्या आजींच्या, ज्यांनी एकदाच पाहिला आणि विसरल्या नाहीत? याचं उत्तर माझ्याकडे नाही. गरुड करडाच ठेवलाय. पण पंखाच्या आतल्या बाजूला, खाली वाकून बघितलं तरच दिसेल असा, एका पोरीनं सोनेरी हात मारून ठेवलाय. मला न विचारता. मी तो पुसला नाही.

(श्रोत्यांमधून प्रश्न: सर, एवढी मेहनत घेण्यापेक्षा संगणकावर केलं असतं तर?)

चांगला प्रश्न. केलं असतं तर सुबक झालं असतं. पण संगणकात पंख जुलैत खाली येत नाही. आणि पंख खाली आला नसता तर सुतार मला दिसला नसता. ज्या १९३६ साली हा सिनेमा आला, त्याच साली गांधीजी आपल्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. पुढच्या वर्षी वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि नई तालीम निघाली. हाताच्या उद्योगातून शिकायचं. पुढं बुनियादी शाळांमधून पुठ्ठाकामही शिकवलं गेलं. आपण त्याला 'कार्यानुभव' केलं आणि शुक्रवारचा शेवटचा तास दिला. (हशा) त्या शिक्षणातली एक गोष्ट मला पटते. सामान तुम्हाला उलट उत्तर देतं. समीक्षकाला कोणीतरी उलट उत्तर देणारं पाहिजेच.

(प्रश्न: ही प्रतिकृती आता कुठं ठेवणार?)

सध्या माझ्या घरी कपाटावर आहे. म्हणजे निदान वर तरी आहे. (हशा) आवली झाली की दोघांना एकत्र आणतो, तेव्हा पुन्हा बोलवा.

आता या जवळ, बघा. सोनेरी शोधायचं असेल तर खाली वाका.